जुने नऊ, नवे दहा

सोनारखाल, २७ डिसेंबर २००९

प्रिय टुलू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पोस्टमन ते दाराखालून सरकवेल, आणि रुना ते उचलून तुझ्या ताटाशेजारी ठेवेल, एवढा भावजयीवर माझा भरवसा आहे. आब्बांना माती देऊन आज त्रेपन्न दिवस झाले, म्हणजे तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्यालाही तेवढेच झाले. चाळिसाव्याला तू आला नाहीस. सुट्टी नाही असा निरोप आला. वीज खात्यात सुट्ट्या किती असतात ते मला ठाऊक आहे, पण ते असो. तुझी समजूत अशी आहे की मी तुला मुद्दाम चुकीची वेळ सांगितली आणि तुझ्यावाचून आब्बांना कबरीत ठेवू दिलं. गावातही दोन-चार जणांना तसंच वाटतं, तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला आधी हजेरी घेतल्याशिवाय धडा सुरू करता येत नाही, तेव्हा जरा धीर धर.

रेडिओवर सांगितलं की एकतीस तारखेला घड्याळं पुन्हा तासभर मागे घ्यायची. ते ऐकून जोब्बार चाचा म्हणाले, "म्हणजे सहा महिने सूर्य चुकत होता, आता सुधारला म्हणायचं." त्यांचं वय पंच्याऐंशी, दात तीन, पण जीभ शाबूत आहे. जूनमध्ये तू फोन करून ही बातमी केवढ्या उत्साहाने दिली होतीस ते आठवतं. तुझ्या ऑफिसातून परिपत्रक निघालं होतं आणि त्याच्या मसुद्यात तुझाही हात होता. "एकच तास पुढे, बुबू. संध्याकाळी दिवे तासभर उशिरा लागतील, तेवढी वीज वाचेल." मी म्हटलं, "आमच्याकडे संध्याकाळी दिवे लागतात, हे तुला कोणी सांगितलं?" तेव्हा तू खो खो हसला होतास. तेव्हा आपण हसत होतो.

तुझं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मी आज कबूल करते. शिवणकामाच्या कारखान्यांतल्या पोरी उजेडात घरी पोचतील, असं तू म्हणायचास. रुनासुद्धा बँकेतून परतताना उन्हं अंगावर घेऊन येते आणि तिला ते आवडतं, असंही म्हणालास. ढाक्यात बसलेल्या माणसाला ते खरंच वाटणार. पण इकडे काय झालं तेही पाहा. शाळा, बँक, सरकारी कचेऱ्या आणि लाँच नव्या वेळेवर गेल्या. मशीद, बाजार आणि चूल जुन्या वेळेवर राहिली. सरकार 'डिजिटल बांगलादेश' म्हणत होतं, म्हणून लोकांनी नव्या वेळेचं नाव डिजिटल टाइम ठेवलं. मग कोणाला किती वाजले विचारलं, की तो आधी उलट विचारणार, "डिजिटल की जुने?" कोळ्याने मासळी कमी तोलली तर ते डिजिटल किलो. शमसूचा जावई ईदला रिकाम्या हाताने आला, तर तो डिजिटल जावई. जोब्बार चाचांचं एकच पालुपद, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

मी शाळेत सरकारची होते आणि घरात आब्बांची. शाळा परिपत्रकाप्रमाणे नव्या नऊला भरवली, म्हणजे आपल्या आठला. आता पौषात धुकं इतकं असतं की पहिलीतली शिउली हातात टॉर्च घेऊन येते, हजेरीला "उपस्थित" म्हणते आणि तिथेच झोपते. मी तिला उठवत नाही. घरी मात्र भिंतीवरच्या घड्याळाला मी कोणाला हात लावू दिला नाही. चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं, या घरात तो डिजिटल शब्द कोणी काढायचा नाही. आब्बांना गंमत वाटायची. लोक मुद्दाम दारावरून जाताना मला वेळ विचारायचे, आणि मी काय उत्तर देते ते ऐकायला थांबायचे. बाईमाणसाला गावात असा मान क्वचित मिळतो, टुलू. मला तो चढला होता.

मग रमजान ईद आली. सणाला आलास त्या सकाळी मी तुला सांगितलं, नमाज आठला. तू आपल्या मनगटावरच्या आठला नवा झब्बा, अत्तर, टोपी असा थाटात ईदगाहवर जाऊन उभा राहिलास. तेव्हा आमचे सात वाजले होते. तासभर तू, इमामसाहेबांच्या दोन शेळ्या आणि ओलं गवत, एवढेच तिथे होतात. लोक जमले तेव्हा सगळे हसले, आणि घरी आल्यावर सगळ्यांत जास्त मी हसले. तू हसला नाहीस. शेवयांची वाटी तशीच ठेवलीस. त्याच संध्याकाळी आब्बांना ढाक्याला न्यायचा विषय निघाला. त्यांचे पाय सुजले होते, मूत्रपिंडांचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणत होते. तू म्हणालास, तिथे मोठं हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, त्यांना इथून हलायचं नाही. तू म्हणालास, "आब्बा काही तुझ्या एकटीचे नाहीत, बुबू." त्यावर मी म्हणाले, "मग सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवणाऱ्याचे असतील." हे वाक्य मी नंतर मनात पुष्कळदा खोडलं. पण ते पाटीवरचं नव्हतं. आब्बांना नेलं असतं तर ते आणखी वर्षभर जगले असते का, हेही मला माहीत नाही. मी त्यांना इथे ठेवलं कारण त्यांनी तसं सांगितलं, आणि कारण मला एकटं राहायची भीती वाटत होती. दोन्ही खरं आहे.

आता तो दिवस. आब्बा दुपारी गेले, अगदी शांतपणे, लिंबाचं सरबत मागून ते यायच्या आत. जोब्बार चाचा आणि इमामसाहेब यांनी अंगणात बसून सगळं ठरवलं. आपलं कबरस्तान खाडीच्या पलीकडे. भरती असेल तरच होडी तिथपर्यंत जाते, ओहोटी लागली की नुसता गुडघाभर चिखल. दुसऱ्या दिवशी भरती नऊच्या पुढे थोडा वेळ टिकणार होती, म्हणून जनाज्याची नमाज नऊला ठरली. मशिदीच्या कर्ण्यावरून तसं सांगितलं. मी तुला फोन केला आणि म्हटलं, "टुलू, आब्बा गेले. संध्याकाळची लाँच पकड. उद्या दहाला जनाजा आहे, दहाच्या आत ये." तू दोनदा "दहा, दहा" म्हणालास आणि फोन कापला गेला. मी तुला दहा सांगितले आणि जनाजा नऊला झाला. गावाला एवढंच माहीत आहे आणि तुलाही.

सकाळपासून तुझा फोन लागत नव्हता. रुनाकडून नंतर कळलं, लाँचवर चार्जिंग संपलं होतं. पुरुष मंडळी मैदानात जमली होती, मी पडवीत खांबाला धरून उभी होते. थांबा म्हणून दोनदा निरोप पाठवला आणि ते दोनदा थांबले. तिसऱ्यांदा जोब्बार चाचा स्वतः आले. लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "मा, लेकासाठी बाप थांबेल, पण पाणी थांबत नाही." मी मान हलवली. तू आलास तेव्हा माणसं हातपंपावर फावडी धूत होती. तुझ्या हातात अत्तराची बाटली होती. ती माणसं बघून तू आधी फावड्यांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. सगळ्यांदेखत म्हणालास, "बुबू, शेवटी तुझं घड्याळ जिंकलं." मग पँट दुमडून चिखल तुडवत एकटाच पलीकडे गेलास, आणि परतताना घरात पाणीसुद्धा न पिता घाटाकडे निघून गेलास. मी काहीच बोलले नाही. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नसेल. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

गेल्या आठवड्यात पहिली-दुसरीची नवी पुस्तकं आणायला झालकाठीला गेले होते. लाँचला वेळ होता म्हणून घाटावर मोकलेसच्या टपरीत बसले. त्याने चहा दिला आणि आपणहून सांगायला लागला. "आपा, त्या सकाळी तुमचा भाऊ दीड तास याच बाकावर बसला होता. मी म्हटलं, अहो, दहाला आहे ना, मग निघा की. तर म्हणाला, मोकलेस भाई, माझ्या बुबूचे दहा म्हणजे आपले अकरा. तिच्या घरात नवी वेळ पाऊल टाकत नाही. आज तरी तिच्या वेळेने वागतो. लवकर गेलो तर म्हणेल, बापाच्या मयतीलाही हा आपलंच घड्याळ घेऊन आला." एवढं बोलून तू मनगटावरचं घड्याळ काढलंस आणि काटा तासभर मागे फिरवलास, असं मोकलेस म्हणाला. मग शेजारच्या दुकानातून अत्तर आणलंस, आब्बांना कोणतं आवडायचं ते आठवत तीन बाटल्या हुंगून पाहिल्यास. घाटावरून आपलं घर तासाभराचं. तेव्हाच उठला असतास, तर आब्बांचा चेहरा तुला दिसला असता. चहाचे पैसे द्यायला गेले तर मोकलेसने घेतले नाहीत. पुस्तकांचे गठ्ठे मी तिथेच विसरले, ते दुसऱ्या दिवशी त्याने पोचते केले.

टुलू, त्या दिवशीचे नऊ आमचे होते. तुला सांगताना मी त्यात एक मिळवला. ईदगाहवर तुझी फजिती झाली तेव्हा हसले खरी, पण रात्रभर तुझी ती न खाल्लेली शेवयांची वाटी डोळ्यांपुढून हलली नव्हती, आणि तेव्हाच ठरवलं होतं की यापुढे तुला वेळ सांगायची ती तुझ्या हिशेबाने सांगायची. दहा म्हणाले ते तुझे दहा होते. पुढे एकच शब्द म्हणायचा होता, डिजिटल. पण अंगणात पन्नास माणसं होती, जोब्बार चाचा हाताच्या अंतरावर बसले होते, आणि बाप समोर निजलेला असतानाही माझ्या जिभेला तो शब्द उच्चारण्याची लाज वाटली. वाटलं, टुलूला दहा म्हटलं की तो त्याचेच दहा समजणार, त्याचं दुसरं घड्याळ आहेच कुठे. तू घड्याळाबद्दल बोललास त्याच क्षणी मला कळलं होतं काय घोटाळा झाला तो. तरी मी गप्प राहिले, कारण खुलासा करायचा तर तोच शब्द सगळ्यांपुढे काढावा लागला असता. माझ्या अहंकारापायी तुझा बाप तुला शेवटचा दिसला नाही, आणि वर त्रेपन्न दिवस मी तुझा गैरसमज तसाच राहू दिला. परवा शुक्रवारी नमाजनंतर मी इमामसाहेबांना, जोब्बार चाचांना आणि जे होते त्या सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की भावाला मी डिजिटल दहा सांगितले होते, शब्द मी गिळला, चूक माझी आहे, त्याची नाही. कोणी हसलं नाही. जोब्बार चाचा काठीने मातीत रेघा ओढत म्हणाले, "त्याला लिही, मा." म्हणून लिहिलं. तू माझ्या वेळेने आलास आणि मी तुला तुझी सांगितली होती. आपण दोघांनी आयुष्यात एकदाच एकमेकांचं ऐकलं, तेही त्या दिवशी. रागाव, भांड, हवं तर चार माणसांदेखत बोल मला, मी ऐकून घेईन. फक्त ये. आणि येशील तेव्हा वेळ कळवू नकोस.

तुझीच,
बुबू