घड्याळ चालू आहे

मालवण,
महाशिवरात्रीनंतरचा गुरुवार, १९८६

चि. महादूभावोजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि कावेरीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा पोचला. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. उडदाचे पापड लाटून झाले, डाळी-गूळ कुडाळच्या बाजारातून आणला. लग्न ठरल्यापासून तुमची पुतणी आरशासमोरून हलत नाही, आणि वर मलाच सांगते, "आये, तू जरा नीटनेटकी रव." असो.

जावयाला घड्याळ तुम्ही घेणार म्हणता. सेलचं, चावी देणं नको की काही नको. मला ती घड्याळं आवडत नाहीत. माणूस असो नसो, आपली चालत राहतात. तुमच्या भावाचं आठवतं ना? बोटीवरून घरी आले की आधी ते कावेरीच्या कानाला लावायचे. मनगट हललं की आतलं वजन घुर्र करून फिरायचं, आणि त्या फिरण्यानेच चावी भरायची. दोन दिवस काढून ठेवलं की बंद. "ह्या माझ्याच जिवार चलता," म्हणायचे. झोपेत त्यांनी कूस बदलली की तो घुर्र मला ऐकू यायचा आणि वाटायचं, घरात माणूस आहे.

त्याची चावीची बोंडी कावेरीने दात येत होते तेव्हा चावून उपटली होती. मग बाजारातल्या घड्याळवाल्याने दुसऱ्या कुठल्या घड्याळाची पितळी बोंडी बसवून दिली. पांढऱ्या घड्याळाला पिवळी बोंडी. मी किती हसले होते.

हे सगळं का लिहिते ते कळेल. 

जत्रेला मी कुणकेश्वरला गेले होते. दर्शन झालं आणि वाळूवर टेकले. समुद्रात उतरताना लोक आपलं किडूकमिडूक शेजारच्या अनोळखी बाईकडेही देतात, तुम्हाला ठाऊकच आहे. तशी एक बाई आली. मूळची वेंगुर्ल्याची, आता वास्कोला असते म्हणाली. वयाने माझ्याएवढी, कपाळभर कुंकू. पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि हातातलं पुरुषी घड्याळ काढून म्हणाली, "बाये, ह्या तुझ्या हाताक बांध. खाली नको ठेवू. आमच्या ह्यांचा आसा. त्यांका अर्धांग झाला, हात हलना नाय. म्हणान मियाच घालतंय. थांबला तर माका भय वाटता."

मी बांधलं. नऊ वर्षं मोकळ्या मनगटावर बांधलं, भावोजी, आणि मग ती पितळी बोंडी दिसली.

मनात किती सबबी काढल्या म्हणून सांगू. किनाऱ्यावर सापडलं असेल, कुणी विकलं असेल. हात मांडीवर गच्च दाबून बसले, हलवायचा नाही म्हणून. थांबलं तर बरं होईल, असंही वाटलं. देवाच्या दारात बसून असं वाटलं. ते काही थांबलं नाही.

बाई न्हाऊन आली आणि केस पिळत बोलत बसली. "आमचे हे आगबोटीर होते. त्यांका कोण नाय गो, एक धाकटो भाव तेवढो. दर दिवाळेक मुंबयसून येता. खूप माया लावता. महादू त्याचा नाव."

मी घड्याळ सोडून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चलता आसा." तिने ते पदराने पुसलं, कानाला लावलं आणि हसली. बाई चांगली आहे. तिला आमचं काही ठाऊक नाही, एवढं कळलं. तुम्हाला ठाऊक होतं.

बोटीवरून पाय घसरून पाण्यात गेले, घड्याळासकट गेले, असं तुम्हीच येऊन सांगितलंत. देह मिळाला नाही म्हणून दर्भाच्या पुतळ्याला तुम्हीच अग्नी दिलात. माझ्या बांगड्या फुटत होत्या तेव्हा ओटीवर तोंड झाकून रडत होतात. ते रडणं कसलं होतं? माझी दया आली होती, की स्वतःची लाज वाटत होती? ते गेले हा धक्का मी पचवला. ते आहेत, हा पचत नाही. आणि तुम्ही ते लपवलंत, हा तर त्याहून नाही.

तुमच्या मसुद्यात लिहिलंय, "कै. गंगाराम व गं. भा. सुनीती यांची कन्या." मी "कै." खोडलं आणि "गं. भा."ही खोडलं. कावेरी आत्ता कागद हातात घेऊन विचारते आहे, "आये, ह्या कित्याक खोडलंस?" तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. तुम्ही या. कन्यादानाला बसायचं की नाही ते मागाहून. आधी तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा. तोवर पत्रिका छापखान्यात जाणार नाही.

येताना जावयाचं घड्याळ आणू नका.

खाली सही करताना आज नावाआधी सौ. लिहायला घेतलं होतं. हात चालला नाही.

सुनीती