पायपुसणं झालेली मॅट

सांगली, शनिवार, जानेवारी १९४९

कचेरीच्या दारात आज आमची मॅट दिसली. घडी घालून पायपुसणं केलंय तिचं! ही काथ्याची मॅट पीचवर ताणून, खिळे ठोकून आम्ही संस्थानच्या मॅचेस खेळायचो. माझे चेंडू पडून पडून एका जागी काथ्या झिजलाय, त्यावरूनच ओळखली.

कागदावर मी पागेचा कारकून, पण घोड्याला कधी हात लावला नाही. पगार मिळायचा तो बोलिंगचा. काय दिवस होते! संस्थान विलीन झालं आणि टीम मोडली.

शिपाई धोंडिबाकडे मॅट मागितली. म्हणाला, "आवं, न्या की. सायबांचं मी बघतो, दारात गोणपाट टाकतो. पर तुमचा त्यो लोकरीचा कोट मला द्या. रातच्या पहाऱ्याला लय थंडी वाजती."

संस्थानच्या टीमचा कोट! खिशावर जरीची मुद्रा असलेला. घरी आलो. ट्रंकेतून काढून बघत बसलोय. मुद्रा तेवढी उसवून ठेवावी का?

पण हा कोट घालून मी करतो काय? पारावर बसून जुन्या मॅचेस सांगतो, लोक माना डोलावतात. ती झिजलेली जागा मात्र अजून चेंडू वळवील.

नको, मुद्रेसकट देतो. उद्या सकाळी कोट धोंडिबाला आणि मॅट विश्रामबागेच्या माळावर. चेंडू टाकून खांदा दुखेल. दुखू दे. खिळे जपून ठेवलेत. हातोडी तेवढी शेजारून आणायची.