एका घंटेवरचे तीन मजले

ती. ताईच्या पायांशी धाकट्याचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच, कारण जवळ येऊ देशील याची आज खात्री नाही.)

मधल्याच्या घरी तू सुखरूप पोचलीस, हे त्याच्याच फोनवरून कळले. 'ताई यंदा आमच्याकडे उतरली' हे वाक्य तो इतक्या वेळा आणि इतक्या चवीने म्हणाला, की मी फोन कानापासून दूर धरला. तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्यांचे ऑपरेशन उत्तम झाले, चष्मा सुटला, ही आनंदाची वार्ताही त्याच्याकडूनच समजली. मोतीबिंदू तुझा काढला आणि दिसेनासे मात्र मला झाले, यापरते दुर्दैव कोणते? 'त्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही' असे तू म्हणालीस, असेही त्याने (नको तितक्या आनंदाने) सांगितले. ताई, आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घालून, कान पिळून, पाढे म्हणवून घेऊन तू वाढवलेस. तुझा दरवर्षीचा महिनाभराचा मुक्काम चुकला, तर आमचे वर्षच अपुरे राहील. म्हणून त्या दिवशी दार का उघडले गेले नाही, याची मीमांसा अगदी पायापासून करतो. मधेच उठून जाऊ नकोस. अवघड वाटले तरी पुढे सोपे होते.

संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाचा एकच कर्ता पुरुष असतो आणि भोवती कीबोर्ड, प्रिंटर, नेटवर्कचे कार्ड अशी मागण्या करणारी मंडळी असतात. प्रत्येकापाशी पुन्हा पुन्हा जाऊन 'तुला काही हवे आहे का?' असे विचारत बसणे ही वेळ वाया घालवण्याची अडाणी पद्धत. शहाणी पद्धत अशी, की ज्याला गरज असेल त्याने घंटा वाजवावी. या घंटेला आम्ही इंटरप्ट म्हणतो. आता प्रत्येकाला स्वतंत्र घंटा कोठून पुरवणार? म्हणून एकाच तारेवर दोघा-तिघांना बसवतात. घंटा वाजली, की कर्नेल (म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, घरातल्या थोरल्या सुनेसारखा, सगळ्यांचे करून पुन्हा बोलणी खाणारा) त्या तारेवरच्या प्रत्येकाच्या ड्रायव्हरला क्रमाने उठवतो. ड्रायव्हर म्हणजे त्या त्या वस्तूची देखभाल करणारा प्रोग्राम. त्याने आपल्या वस्तूची ठरलेली खूण तपासायची आणि 'आमचे आहे' किंवा 'आमचे नाही' एवढे प्रामाणिकपणे सांगायचे. आमचे असेल, तर तिची तक्रार ऐकून तिला शांत करायचे आणि लांबणारे काम मागाहून. सगळेच 'आमचे नाही' म्हणाले, तर घंटा वाजतच राहते. कारण वाजवणारीला कोणी शांतच केलेले नसते. असे फार वेळ चालले, की कर्नेल ती तार नादुरुस्त समजून बंद करून टाकतो. किती सुंदर योजना आहे, पाहिलेस?

या सौंदर्याच्या मोहातच घात झाला. आमच्या इमारतीला खाली एक दार, त्याला आपोआप लागणारे कुलूप आणि तीन मजल्यांत मिळून एक घंटा. तळाला शिवणबाई, मधे आम्ही, वर दातांचे डॉक्टर. पूर्वी ज्याला ऐकू येई तो उठून दार उघडी, म्हणजे बहुतेकदा तुझी भावजय. ही अव्यवस्था मला सहन होईना. (ती तिला कशी सहन होत होती, हे मी कधी विचारले नाही.) मी तिन्ही बिऱ्हाडांना चहाला बोलावून सर्व सिद्धान्त समजावला. घंटा वाजली, की खालून वर, क्रमाने, प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून वाकून आपल्या माणसाची खूण तपासायची आणि जिन्यात ओरडून निर्णय द्यायचा. शिवणबाईंची खूण हातात कापडाची पिशवी, डॉक्टरांची खूण गालावर हात. आमच्याकडे येणारे फारसे कोणी नसल्यामुळे मी तुझीच खूण ठरवली होती: जाड चष्मा आणि पांढरा अंबाडा. शेवटचा नियमही कर्नेलवरून जसाच्या तसा घेतला, की घंटा वाजतच राहिली आणि कोणाचीच नसली, तर तळमजल्याने घंटेचे बटण बंद करावे. "भाऊ, चहा छान होता हो," एवढे बोलून शिवणबाई गेल्या. याचा अर्थ त्यांना सगळे समजले, असा मी घेतला.

त्या दिवशी मी खिडकीपाशीच बसलो होतो आणि चिंतेत होतो. आमची कंपनी रक्ततपासणीचे यंत्र बनवते. त्याच्या नव्या तुकडीत नेटवर्कचे कार्ड आणि प्रिंटर एकाच तारेवर होते आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात दोन्ही मुके होत. कार्ड घंटा वाजवीत असे, त्याचाच ड्रायव्हर 'आमचे नाही' म्हणे, शेवटी कर्नेल तार तोडी आणि बिचारा निरपराध प्रिंटरही त्यात जाई. स्वतःच्या कार्डाला न ओळखणारा हा कोण करंटा ड्रायव्हर, असे मी मोठ्याने म्हणत असतानाच घंटा वाजली.

शिवणबाई वाकल्या. "पिशवीत कापड दिसत नाही, आमचं नाही हो!" मग माझी पाळी. मी शास्त्रोक्त वाकलो. खाली मानेपर्यंत केस कापलेल्या एक तरतरीत बाई. चष्मा नाही, अंबाडा नाही. मी निर्णय दिला, "आमचं नाही!" (त्यापुढे जे दोन शब्द मी बोललो, ते तुला ऐकू गेले नसावेत अशी आशा आहे.) वरून डॉक्टर म्हणाले, "गाल मोकळा आहे, आमचं नाही!" आणि तू, ताई, लहानपणापासूनच्या स्वभावाप्रमाणे घंटेवरचे बोट काढीनास. शिवणबाईंनी नियमाप्रमाणे बटण बंद केले. मागाहून मी रागावलो, तर म्हणाल्या, "तुमचाच नियम, भाऊ. चहा पाजून शिकवलात."

तुझी भावजय बाजारातून परतत होती. कोपऱ्यावर गर्दीत अडलेल्या टॅक्सीत तिला तू दिसलीस. तिने हात केला, तू तोंड फिरवलेस. पायरीवर तू ठेवून गेलेली पिशवी घेऊन ती धापा टाकीत वर आली आणि म्हणाली, "अहो, वन्सं गेल्या! चष्मा सुटलाय, केस कापलेत, मला तरी कुठे पटकन ओळखू आल्या!" हे ऐकताच, क्षणाचाही विलंब न लावता, मी धावत सुटलो. परंतु तुझी टॅक्सी निघून गेली होती.

योगायोगाने त्याच दुपारी यंत्राचा दोषही सापडला. कार्ड नव्या घडणीचे होते, त्याने आपली खूण दुसऱ्या जागी हलवली होती आणि ड्रायव्हर जुन्याच जागी शोधत होता. ताई, दोष कार्डाचा नव्हता. कार्डाने सुधारावे, चष्मा सोडावा, केस कापावेत. ओळख ताजी ठेवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य. यापरती शुद्ध क्षमायाचना माझ्या शास्त्रात उपलब्ध नाही.

तेव्हा राग सोड आणि शनिवारी ये.

तुझा,
दारामागचा धाकटा

ता. क. : सोबत ताजा फोटो आण, समोरून एक, बाजूने एक. खिडकीला लावीन.

ता. क. : पिशवीतला गोडाचा डबा मिळाला. जिन्यात ती दिसताच तिन्ही मजले एका सुरात "आमचं आहे!" म्हणाले. तपासणी कोणीच केली नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढले. त्यांच्या धंद्याला ते पोषकच आहे.

ता. क. : मूळ विनंती राहूनच गेली. शनिवारी ऑफिसातले नवे सहकारी हा विषय शिकायला घरी येणार आहेत. फळ्यावर तो नीट समजत नाही. तू दहाएक मिनिटे पुन्हा तशीच खाली उभी राहून, त्याच रागाने, घंटा वाजवशील का? जमल्यास तोच ड्रेस घाल.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, वन्सं. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं.) नमस्कार. हे धावत सुटले ते खरं, पण दाराकडे नव्हे. "नवी घडण! नवी घडण!" ओरडत कॉम्प्युटरकडे. मी चपलाही न काढता उलटी पळाले, तोवर टॅक्सी वळली होती. आणि ते दोन शब्द 'चिकट विक्रेती' असे होते, शिवणबाईंनी सांगितलं. तुम्ही ऐकलेच असणार, म्हणून लपवत नाही. शनिवारच्या पोरांना मी ऑफिसातच शिकवा म्हटलंय. तुम्ही मात्र या. घंटेला हात लावू नका. मी सकाळपासून पुन्हा पुन्हा दारात येऊन रस्ता बघेन. ह्यांच्यात त्याला अडाणी पद्धत म्हणतात. आपल्यात वाट बघणं म्हणतात.