भिंतीपलीकडची विमानं

२ फेब्रुवारी, रविवार
केलान गावातलं भाड्याचं घर बघून आलो. विमानतळाची भिंत आणि आमची मोरी यांच्यामध्ये फक्त एक केळीचं झाड. मी आधीच ठरवलं होतं, आवाजाची टेस्ट केल्याशिवाय हो म्हणायचं नाही. अंगणात डोळे मिटून उभी राहिले. एकच विमान गेलं. मग कॉफी पिताना अजून एक गेलं, पण तेव्हा माझं लक्ष कॉफीकडे होतं, म्हणून ते धरलं नाही. कप जरा नाचला. कपच हलका होता.
नवऱ्याला विचारलं, ब्ली, तुला काय वाटतं. म्हणाला, मी अख्खा दिवस विमानाच्या पोटात बॅगा भरतो, मला आवाजाचं काय विचारतेस, घरात राहणार तू आणि पोर. म्हटलं, चालेल. एवढं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सामान आलं. किंतामणीला सासरी होतो तेव्हा ब्ली अंधारात निघायचा आणि आमची छोटी गेक झोपल्यावर यायचा. पोर चार महिन्यांची झाली तरी बापाला बघून रडते, जसा काही वीजबिलवाला आलाय. इथे तो दुपारी जेवायला घरी येणार. आवाजाचं काय, चार दिवसांत सवय होते.
निघताना सासूबाई म्हणाल्या, जा बाई, पण संत्र्याच्या बागेत वाढलेली तू, मार्चअखेर न्येपीचा सण येतो, त्याच्या आत गाठोडं घेऊन परत माझ्या दारात उभी राहशील. मी हसले. मनात म्हटलं, बघाच.

१० फेब्रुवारी
मी घाबरत नाही, हे आधी लिहून ठेवते. पहिलं मोठं विमान उडालं तेव्हा गेकला घेऊन टेबलाखाली गेले, ते काळजी म्हणून. छप्पर भाड्याचं आहे, भरवसा कसा ठेवणार. तेवढ्यात शेजारची रास्मिनीताई तळलेली केळी घेऊन आली. म्हणाली, काय शोधतेस गं. म्हटलं, चमचा. तीपण वाकून शोधायला लागली. फार चांगली बाई आहे.

१३ फेब्रुवारी
चार दिवस झाले. सवय व्हायला सुरुवात झाली असणार. अजून जाणवत नाही.
या गल्लीतल्या लोकांचं मला कळत नाही. बोलताना विमान आलं की तोंड उघडं ठेवून थांबतात, गेलं की तिथूनच पुढे. आज रास्मिनीताई सांगत होती, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बायको आहे ना, ती काल भर बाजारात पोलिसाला, आणि विमान आलं. मी श्वास धरून बसले. ते काही जाईना. गेल्यावर म्हणाली, पत्ता विचारत होती.

२१ फेब्रुवारी
गेक दचकते. विमान आलं की दोन्ही हात वर, जशी कोणी बंदूक रोखलीय. मी दहादा तिच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चाललाय ना. सुईणीकडे नेली. तिनं कान तपासले. म्हणाली, कान छान आहेत, सगळीच बाळं दचकतात, आणि तिच्यापेक्षा तूच जास्त दचकतेस, आत्ता नुसतं दार वाजलं होतं. सुईण नवीन दिसते. अनुभव कमी.

२५ फेब्रुवारी
ब्लीनं कामावरची जुनी झाकणं आणली, ती डोक्यावरून कानांवर लावतात ती. गेकला फार मोठी झाली. मग मीच घातली. काय सुख. भात लावला, भाजी निवडली, मनात गाणं म्हटलं. ब्ली दाराबाहेर उभा राहून हाका मारत होता, गेक रडत होती आणि भात करपत होता, हे नंतर समजलं. यापुढे झाकणं घालायची नाहीत. फक्त एका कानाला.
ब्लीनं करपलेला भात खाल्ला, गेकला खांद्यावर घेतलं आणि अंगणात विमानं दाखवत बसला. ती हसत होती. पोटात वारा धरला असेल.

८ मार्च
ठरलं. परत जायचं. ब्लीला स्पष्ट सांगितलं, माझं काही नाही, पोरीच्या झोपेसाठी. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, ती आता मला बघून हात पुढे करते गं. म्हटलं, दर रविवारी येत जा, विसरणार थोडीच. म्हणाला, आता रविवारीपण ड्युटी असते. मीपण मग भांडी आवरायला लागले. थोड्या वेळानं म्हणाला, तिची झोप खरंच विमानांमुळे जात असेल तर जा, मी अडवणार नाही.
म्हटलं, पुरावा देते. न्येपीला अख्खं बेट बंद असतं, विमानतळसुद्धा. दिवसभर एक विमान नाही. बघ कशी झोपते ते.
मोठ्या भाऊजींना फोन करून टाकला, न्येपीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप घेऊन या. म्हणजे न्येपीच्या आत नाही, नंतर. सासूबाई चुकल्याच. मग त्यांनीच भाऊजींकडून फोन घेतला. म्हटलं, संत्री उतरवायला माणूस लागेल ना, म्हणून येतेय. म्हणाल्या, संत्री मागच्या महिन्यातच उतरली. मी म्हटलं, असं कसं, आणि थांबले. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या. विमान जात होतं, मी तरी काय करणार.

२८ मार्च
उद्या न्येपी. चूल नाही, दिवा नाही, बाहेर पडायचं नाही, आवाज करायचा नाही. उद्याचंही जेवण आजच करून ठेवलं. संध्याकाळी गल्लीतून राक्षसाचा पुतळा नाचवत नेला, लोकांनी पातेली बडवली. गेक त्या गोंधळात गाढ झोपली. दमली असणार. गाठोडी बांधून दाराशी ठेवली.

२९ मार्च, न्येपी. सकाळ
आज काम करायचं नसतं, पण लिहिणं हे काम नाही. काय शांतता आहे. भिंतीपलीकडच्या चिमण्या ऐकू येतात. ब्लीला कुजबुजून म्हटलं, आता बघ. गेकला खाली ठेवली. झोपेलच.

थोड्या वेळानं
अजून नाही. पाल चुकचुकली, दचकली. ब्लीनं जांभई दिली, दचकली.

संध्याकाळ, उजेड आहे तोवर
सकाळपासून रडली. अख्ख्या बेटावर तेवढाच आवाज असणार. गावचा पहारेकरी दारात आला, हळूच विचारलं, पोर बरी आहे ना. म्हटलं, हो, झोपायच्या बेतात आहे. तो तिच्याकडे बघून गेला.
पाजलं, झुलवलं, पाठ थोपटली. शेवटी छातीशी धरून घशातल्या घशात घुंऽऽऽ केलं. कुठून सुचलं माहीत नाही. गप्प झाली. मी थांबले की रडायची. पुन्हा घुंऽऽऽ. ब्ली म्हणाला, दे इकडे, तुझं लहान आहे. त्यानं मोठं विमान उडवलं. तिचे डोळे मिटायला लागले. तो थांबला, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून रास्मिनीताई कुजबुजली, अरे मध्येच काय बंद करता, लांब जाऊ दे त्याला, आमच्या म्हाताऱ्याचापण आत्ताच डोळा लागलाय.
दिवस मावळेपर्यंत आळीपाळीनं विमानं उडवली. घसा बसला.
यावरून काहीही सिद्ध होत नाही. न्येपीला बाळं बिघडतातच. जायचं म्हणजे जायचं.

३० मार्च, दुपार
आत्ता उठले.
रात्रभर कोणालाच झोप नाही. पहाटे पहिलं विमान उडालं आणि आम्ही तिघं होतो तिथे आडवे झालो. भाऊजी सकाळीच आले. हॉर्न वाजवला, दार बडवलं, गल्ली गोळा झाली. रास्मिनीताईनं खिडकीतून पाणी मारलं, ते ब्लीवर पडलं म्हणून तो उठला. मी आणि गेक नाही. भाऊजींनी कॉफी घेतली, तेवढ्यात दोन विमानं ऐकली, आणि रिकामी गाडी घेऊन गेले. म्हणाले, उठवू नको तिला, आईला मी सांगतो काहीतरी.
हे सगळं सांगताना ब्ली गेकला पायावर झुलवत होता आणि खाली मान घालून हसत होता. म्हटलं, हसू नकोस, बेत बदललेला नाही. गाठोडी सोडली, पण ती गेकचे कपडे त्यात आहेत म्हणून.
भाऊजींना फोन केला. नीट समजावून सांगितलं, पिकअपचा हॉर्न बदलून घ्या. इतका बारीक हॉर्न माणसाला ऐकू कसा येणार.