घंटीच्या बाजूला बसलेली

झोर्नित्सा,

मिलेनबाळाला घेऊन प्लोव्दिवला कानाच्या डॉक्टरांकडे चाललेय. तुला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून उठवलं नाही. बानित्सा ओव्हनमध्ये आहे, खाऊन घे.

मार्चमध्ये नर्सने त्याच्या कानामागे घंटी वाजवली, तो वळला, आणि मी तुलाच फटकारलं, "झालं समाधान? आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही!" घंटीला नव्हता वळला गं तो. त्या बाजूला बसून मी बोट नाचवलं होतं.

काल शेजारच्या, त्याच्याच वयाच्या एलित्साने चमच्याने झाकण बडवलं, आवाज ऐकून खिदळली, पुन्हा बडवलं, तोंडाने बाबाबा चालूच. आपल्याने चमचा एकदाच आपटला, आणि गप्प माझ्या बोटाकडे बघत बसला.

तुझी सासू