पाणक्याच्या बायकोचा प्रश्न

प्रिय वह्ब,

तुझा निरोप घेऊन खेचरवाला अस्बग काल तोलेदोत पोचला. निरोप काय, तर ‘दादाला सांगा, आदर्श नगर जगात कुठेच नाही, मग कॉर्दोबा सोडून जायचं तरी कुठे?’ ऐकून मी हातातला कागदाच्या लगद्याचा साचा खाली ठेवला. रमजान तोंडावर आलाय. त्याआधी मोठ्या मशिदीत उभं राहून तू तुझं मत मागे घेतलं नाहीस, तर तुझी पुस्तकं चौकात जळणार. तुझं काय होणार ते विचारलं, तर अस्बग नुसता दाढी खाजवत बसला. तिकडे गळ्याशी आलंय आणि तू नगरं पारखतोयस. नवरी आहे का ती?

भानगड कशी झाली तेही मी अस्बगकडूनच पहिल्यापासून ऐकलं. तू सांगितलं असतंस तर गाळून सांगितलं असतंस. पाणक्या नदीत बुडाला, प्रेतही मिळालं नाही. चाळिसाव्याला तू गेलास, ते बरं केलंस. त्याची बायको तुझ्यापुढे बसली आणि म्हणाली, ‘उस्ताद, माझा माणूस माशांनी खाल्ला. कयामतीला तो ह्याच देहानं उठेल ना? मला ओळखू येईल ना?’ ह्यावर एक शब्द बोलायचा होता, वह्ब. तू तिला देह आणि आत्मा ह्यांतला फरक समजावून दिलास, पुराव्यासकट. शेजारचा खाटीक तुझ्या बाहीला ओढून म्हणाला म्हणे, ‘उस्ताद, हो म्हणा की, तुमच्या बापाचं काय जातंय?’ त्यावर तू म्हणालास, ‘हो म्हणणं अचूक होणार नाही.’ बाई रडत उठली, खाटीक उठला, आणि जेवणाची हरीसा गार व्हायच्या आत गोष्ट काझीच्या दारात.

राग ह्याचा येतो, की ह्याच्या उलट तूच लिहून ठेवलंयस. तुझ्या पुस्तकातलं चौथं प्रकरण मला वाचून दाखवलेलं आहे. धर्म लोकांना चित्रांतून जे सांगतो, तेच शहाण्याला पुराव्यातून कळतं, सत्य एकच. जो भर बाजारात चित्र फाडून पुरावा वाटत सुटतो, तो लोकांचा धर्मही बुडवतो आणि राज्यही. कोणी लिहिलं हे? खाटकानं? तो बिचारा न वाचता त्याप्रमाणे वागला. तू लिहिलंस आणि चाळिसाव्याच्या पंगतीत विसरलास.

आणि खलिफा तुला वाचवेल ह्या भ्रमात राहू नकोस. एके काळी तो तुला बागेत बोलावून तारे अनादी आहेत का ते विचारत होता, हे खरं. आता त्याला इकडे उत्तरेच्या ख्रिस्ती राजावर फौज न्यायचीय. लढाईला निघालेल्या राजाला तारे नको असतात, शुक्रवारी मशिदीच्या मिंबरावर चढून नमाजाआधी त्याचं नाव घेणारे काझी हवे असतात. काझ्यांनी किंमत म्हणून तुला मागितलं असेल, तर तू स्वस्तात गेलास असं समज.

इकडची गंमत ऐक. मी ज्यांना कागद पुरवतो त्या पाद्री पेलायोच्या टेबलावर तुझंच पुस्तक आहे. एक यहुदी ते मोठ्यानं वाचून इथल्या बोलीत सांगत जातो आणि पेलायो ते लॅटिनमध्ये लिहून घेतो. ताव द्यायला गेलो की मी मुद्दाम रेंगाळतो. परवा दोघं कपाळाला हात लावून बसले होते. बिशपचा हुकूम आलाय, चौथं प्रकरण वगळा, नाहीतर विद्यार्थी देवाच्या गोष्टींना चित्रं म्हणायला लागतील. पेलायो मला म्हणाला, ‘तुमचं बरं आहे, मुफर्रिज. तुमच्याकडे गादी आणि धर्म एकाच्याच हाती. इथे पोप म्हणतो धर्माची नि राज्याची, दोन्ही तलवारी माझ्या, राजा म्हणतो एक माझी, आणि मधे मान आमची.’ मी म्हटलं, ‘बाबा, आमच्याकडे तलवार एकच आहे, पण मान तीच.’ सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचे गळे कापायची तयारी चाललीय, आणि माझ्या भावानं लिहिलेलं पुसायचं ह्यावर मात्र दोघांचं एकमत. हसू की रडू?

तेव्हा कबूल, हेही आदर्श नगर नाही. इथला हौद गळका, पाणी जड, अंजिरं बेचव, आणि दर रविवारी घंटांनी डोकं उठतं. पण चिंध्या कुजवायच्या कुंडाच्या वरच्या अंगाला माझी एक खोली आहे. खिडकी पूर्वेला, तुला वाचायला उजेड मिळेल. ती रिकामी आहे. ताव वाळत घालायला हल्ली मीच माळ्यावर चढतो, गुडघे कुरकुरतात. तुझ्या वहिनीनं वांगी तळणं सोडलंय.

ती खोली हमदाची होती. थंडीत ताप आला आणि पोर गेली. तुला कळवलं नाही, कारण तू परत पुराव्यासकट पत्र पाठवशील अशी भीती वाटली. चौथं प्रकरण तिनंच मला वाचून दाखवलं होतं. वाचून झाल्यावर म्हणाली होती, ‘काकांना सगळं कळतं बाबा, फक्त कुणाजवळ बसायचं कसं ते कळत नाही.’ मी आयुष्यभर मेलेल्यांचे जुने कपडे विकत घेतले, कुजवले, कुटले आणि त्यांचा पांढरा कागद केला. तिचे जवसाच्या सुताचे झगे मात्र कुंडात टाकवत नाहीत. खोलीतच खुंटीला आहेत. तिची आई रोज सकाळी मला तेच विचारते, जे पाणक्याच्या बायकोनं तुला विचारलं. मी हो म्हणतो. पण मी चिंध्यावाला, माझं हो तिला पुरत नाही. तुझं पुरेल, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मशिदीत मत मागे घे की घेऊ नकोस, ते तुझं तू बघ. अस्बग तुझ्यासाठी एक खेचर मोकळं ठेवून परत तिकडे येतोय, त्यावर बस आणि ये. तिच्याजवळ बस आणि हो म्हण. आणि ती उठून चुलीकडे गेली की मलाही म्हण.

वाटेकडे डोळे लावून बसलेला
तुझाच थोरला,
मुफर्रिज