हॅल्सियनची डावी बाजू

१४ ऑगस्ट, गुरुवार

गणपती तोंडावर आले आणि नवरा मोतीबिंदू काढायला ठाण्याला, लेकीकडे! जळमटं, पितळ, पाट, सगळं मी एकटीने बघायचं. वर ते काचेचं कपाट. अंतराळयानं! दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ती इंग्रजी मालिका कधीच संपली. विनोदच्या डोक्यात अजून चालू आहे. बोटीवर रेडिओ ऑफिसर होता तेव्हापासून बंदराबंदरांतून त्या मालिकेतल्या अवकाशनौकांच्या छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग आणायचा आणि सुट्टीत इथे जोडत बसायचा. लोक परदेशातून बायकोला परफ्यूम आणतात! मोहरीएवढ्या खिडक्या, त्याही एकेक रंगवलेल्या.

जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ऑपरेशन कशासाठी करतोय माहीत आहे? एकदा ह्या सगळ्या नीट बघायच्यात."

मला बघायला नव्हे!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

कपाट उघडलं. बघते तर बुरा! पावसाळ्यात चपलांना येतो, कमरेच्या पट्ट्यांना येतो, तसा नौकांनाही. सगळ्यात मोठी ती हॅल्सियन — तिची डावी बाजू काळी-करडी, कडांना तपकिरी. सगुणाला म्हटलं, घे जरा धुवायला. ती दारातच थांबली. "नको ओ बाय, भाऊंच्या वस्तूला मी नाय हात लावणार. आधी त्यांना इचारा." विचारा म्हणे! माझ्या घरात काम करते की त्याच्या?

मीच घेतली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. हटेना तिथे स्पिरिट. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज आमची नखं तपासायच्या. डाग दिसला की अजून माझे हात शिवशिवतात.

पांढरीशुभ्र निघाली. उगाच कुणी म्हणायला नको, मी ह्याच्या छंदाची कदर करत नाही म्हणून.

१७ ऑगस्ट, रविवार

योगिनीला व्हिडिओवर दाखवली. वाटलं, लेक कौतुक करील.

"आई! तू काय केलंस हे!"

बुरा नव्हता तो. मालिकेच्या शेवटच्या भागात हॅल्सियन माणसं वाचवायला सूर्याला खेटून जाते आणि एका बाजूने होरपळते. ते होरपळणं विनोदने रंगवलं होतं. अख्खा एक पावसाळा, केसाएवढ्या ब्रशने. मी तेव्हा काय करत होते? जेवायला ये, जेवायला ये म्हणून ओरडत होते.

"बाबांचा हात थरथरतो आता. परत नाही जमणार त्यांना."

"मग सांग त्यांना."

"मी? तूच सांग."

१८ ऑगस्ट, सोमवार

नाही सांगितलं. फोनवर डोळ्यांच्या थेंबांविषयीच बोललो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काजळ लावून पाहिलं. मग निरांजनाची काजळी. नौका होरपळलेली दिसेना, नुसती मळकी दिसायला लागली. पुन्हा धुतली, तर तीन-चार खिडक्यांचा पिवळा रंगही गेला. मूर्ख बाई! आता तरी हात आवर.

२३ ऑगस्ट, शनिवार

विनोद आला. चपला काढल्या आणि थेट कपाटाकडे. बराच वेळ उभा.

"अगं, हा नवा डोळा म्हणजे कमाल आहे! पांढरं किती पांढरं दिसतं!"

"हो, म्हणतात तसं," मी म्हटलं.

म्हटलं मी असं!

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी पुन्हा कपाटापाशी. नव्या डोळ्यावर तळहात धरला आणि जुन्या डोळ्याने पाहिलं. मग उलट. मी दारात वाती वळत उभी. माझ्याकडे न वळताच विचारलं, "ही कुणी धुतली?"

"सगुणाने."

तोंडातून निघालंच. विचार करायला वेळ होता, तरी निघालं. तो एवढंच म्हणाला, "बरं."

२५ ऑगस्ट, सोमवार

सगुणा मोदकांसाठी आपल्या परसातली हळदीची पानं घेऊन आली. न सांगता, दरवर्षीसारखी. भांडी घासताना हळूच म्हणाली, "भाऊ रागावलेत काय माज्यावर? आज गप गप हायत."

"डोळा दुखतोय त्यांचा," मी म्हटलं.

एक खोटं झाकायला दुसरं. ह्या वयात! ती पानं पाण्यात घालून ठेवली आहेत. घरभर वास सुटलाय, आणि मला स्वयंपाकघरात जाववत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी विनोदने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. हॅल्सियन ठेवली, रंगांची पेटी उघडली. सगळ्यात बारीक ब्रश माझ्या बाजूला.

"सगुणाला मी काही विचारलेलं नाही," म्हणाला. "किल्ली तुझ्याकडे होती. बस इथे. मी सांगतो, तू लाव. सूर्य डावीकडे होता."

"थांब जरा," मी म्हटलं.

छत्री घेतली आणि आधी सगुणाच्या घरी जाऊन आले. ब्रश मग धरला.